उभं राहायला निमित्त

मुंबईत प्रत्येक जण कुठेतरी निघालेला असतो. नुसता उभा असलेला माणूस इथे कमी दिसतो, आणि दिसला तर तो बहुधा पुरुष असतो. पानाच्या टपरीशी, सिग्नलच्या खांबाला टेकून, रेल्वेच्या पुलावर कठड्याला कोपरं टेकवून खालच्या गाड्या बघणारा. त्याला कुणी हटकत नाही. बाई थांबली की मात्र तिला काहीतरी करावं लागतं. ती घड्याळ बघते, फोन कानाला लावते, रस्त्याच्या टोकाकडे नजर लावून कुणाची तरी वाट बघत असल्याचं दाखवते. अंबाजोगाईहून एम.एस्सी. करायला मी इथे आले तेव्हा पहिले काही महिने माझंही तेच चाललं होतं. वसतिगृह, स्टेशन, कॉलेज आणि परत. शहर बघायची ओढ तर एवढी, की लोकलच्या खिडकीतून दिसेल ते डोळ्यांत भरून घ्यायचे. पण नीट बघायचं तर थांबावं लागतं, आणि थांबायचं कोणत्या निमित्ताने, ते सुचत नव्हतं. मग गळ्यात कॅमेरा आला.

वसतिगृहातली एक सीनियर मुलगी नोकरीसाठी बेंगळुरूला निघाली होती. तिचा कॅनन १२००डी मी शिष्यवृत्तीच्या पैशांतून विकत घेतला. सोबत १८-५५ची लेन्स. शटर, ॲपर्चर आणि आयएसओ यांतलं एक हललं की बाकीच्या दोहोंतलं एखादं तरी कसं हलवावं लागतं, हे तिने निघायच्या आदल्या रात्री गच्चीवर बसून मला समजावलं. रविवारी सकाळी मी बाहेर पडायला लागले.

आमच्या वसतिगृहाच्या दाराशी एक वही असते. नाव, खोली क्रमांक, जायची वेळ, यायची वेळ आणि शेवटच्या रकान्यात कारण. मुली तिथे खरेदी लिहितात, लायब्ररी लिहितात, काकांकडे लिहितात. ‘फिरायला’ असं लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही. मी ‘फोटोग्राफी’ लिहू लागले आणि ते वहीत चाललं. वहीत चाललं तसं रस्त्यावरही चाललं. गळ्यात कॅमेरा असलेली मुलगी एकाच जागी अर्धा तास उभी राहिली तरी लोकांना त्यात वावगं वाटत नाही. ती काम करतेय, असं ते मनाशी ठरवतात आणि पुढे जातात.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस मी आधी शेकडो माणसांसारखं खालून, घाईत, गाडी पकडताना पाहिलं होतं. महापालिकेच्या मुख्यालयापाशी लोकांसाठी बांधलेल्या सज्जात उभं राहून पहिल्यांदा मी ते सबंध पाहिलं. १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षं हे बांधकाम चाललं. आराखडा फ्रेडरिक स्टीव्हन्स यांचा, पण दगडातले प्राणी, पक्षी, पानं-फुलं यांत जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचे हात आहेत. म्हणजे माझ्याच वयाची मुलं. संध्याकाळी सूर्य गेल्यावर आकाश एकदम काळं होत नाही. थोडा वेळ ते गडद निळं राहतं, आणि तेवढ्यात इमारतीचे दिवे लागलेले असतात. आकाशाचा उजेड आणि दिव्यांचा उजेड त्या काही मिनिटांत जवळपास सारख्या मापाचा होतो, म्हणून एकाच फोटोत निळाईही टिकते आणि दगडाची कोरीव रेषही. ही वेळ यायची वाट बघावीच लागते, घाई करून ती येत नाही. कॅमेऱ्याच्या निमित्ताने मला मुंबईत वाट बघता यायला लागली, कुणाचीही नव्हे, नुसत्या उजेडाची.

त्या इमारतीच्या मधल्या घुमटावर एक स्त्री उभी आहे. प्रगतीची मूर्ती. उजव्या हातात मशाल, डाव्या हाताशी चाक. सव्वाशेहून अधिक वर्षं ती तिथे आहे आणि खालून रोज लाखो माणसं जातात. लेन्स पूर्ण पुढे घेऊन मी तिचा फोटो काढला तेव्हा मनात आलं, या चौकात निवांत उभी असलेली ही एकटीच.

या वाटेने माझ्याआधी कोण गेलं होतं ते वाचत गेले तेव्हा होमाई व्यारावाला भेटल्या. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. १९१३ साली नवसारीत जन्मल्या, मुंबईत वाढल्या, जे. जे.त शिकल्या. कॅमेरा त्यांना माणेकशा व्यारावाला यांनी शिकवला. पुढे दोघांनी लग्न केलं. सुरुवातीच्या काळात होमाईंचे कित्येक फोटो माणेकशांच्या नावाने छापून आले. त्यांचं पहिलंवहिलं छापून आलेलं काम मुंबईतल्या एका महिला मंडळाच्या सहलीचं होतं. १९४२ मध्ये त्या दिल्लीला गेल्या, तिथे साडी नेसून सायकलवरून कामावर जायच्या, आणि स्वातंत्र्याच्या अनेक मोठ्या प्रसंगांना गर्दीत कॅमेरा घेऊन उभ्या राहिल्या. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. नेहरूंचे, माउंटबॅटन यांचे त्यांनी काढलेले फोटो सगळ्यांना ठाऊक असतात. मी मात्र त्या सहलीच्या फोटोंचा विचार करत राहते. तीसच्या दशकातल्या मुंबईत बायका सहलीला गेल्या, आणि त्यांचं ते नुसतं मजेत असणं टिपण्याजोगं आहे असं एका तरुण मुलीला वाटलं. देशाचा इतिहास तिच्यापुढे नंतर आला. आधी तिने बायकांची सुट्टी पाहिली.

मग एक पुस्तक हाती आलं ते ‘व्हाय लॉइटर?’ शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं, २०११ साली प्रसिद्ध झालेलं, मुंबईतल्या बायकांच्या बाहेर असण्याबद्दलचं. पुस्तक म्हणतं, बाईला सार्वजनिक जागी वावरायचं तर हेतू दाखवावा लागतो. पर्स, फाइल, पिशवी, कडेवरचं मूल, काहीतरी हातात असावं लागतं. आणि या शहरावर तिचा खरा हक्क आहे की नाही, हे ती काही काम नसताना तिथे रेंगाळू शकते का यावरून कळतं. वाचता वाचता मी मान वर केली आणि टेबलावरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. त्यानंतर मी बाहेर पडले ती नजर थोडी बदलून. फोटो तर काढायचेच, पण आजूबाजूच्या बायका इथे कोणत्या निमित्ताने आल्या आहेत हेही बघायचं.

जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन असते. २००४ पासून ती चालू आहे. पहाटे अंधारात पोचून मी पेडर रोडच्या चढाजवळ जागा धरते, कारण चढावर धावणाऱ्यांचा वेग कमी होतो आणि चेहऱ्यावर सगळं उमटतं. शटर १/३० सेकंदावर आणायचं, धावणाऱ्याच्या वेगाने कॅमेरा बाजूला वळवत न्यायचा आणि वळवता वळवताच क्लिक करायचं. जमलं तर माणूस लख्ख येतो आणि मागची भिंत, झाडं, बॅरिकेड्स यांच्या नुसत्या आडव्या रेघा होतात. पण मला त्या सकाळी जास्त आवडतात त्या कडेच्या बायका. गाऊनवर ओढणी टाकून इमारतीतून खाली उतरलेल्या, हातात संत्र्याच्या फोडींचं ताट, कुणाकडे मीठ, कुणाकडे लिमलेटच्या गोळ्या. “चला, चला, थोडंच राहिलंय,” असं त्या अनोळखी माणसांना ओरडून सांगतात. एरवी ज्या रस्त्याच्या कडेला त्या क्षणभरही थांबल्या नसत्या, तिथे त्या तासन्‌तास उभ्या असतात आणि रस्ता त्यांचा असतो.

गुढीपाडव्याला गिरगाव. फडके गणपती मंदिरापासून शोभायात्रा निघते. ढोल-ताशे, लेझीम, चित्ररथ आणि नऊवारी नेसून, नथ घालून, फेटा बांधून बुलेटवर बसलेल्या मुली. फोटोग्राफर या मुलींभोवती अक्षरशः कडं करतात. कुणी रस्त्यावर आडवं पडून खालच्या कोनातून घेतं, कुणी दुभाजकावर चढतं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत हाच फोटो येतो, आणि यावा, कारण तो देखणाच असतो. यात्रा एका वळणावर अडली होती तेव्हा माझ्याशेजारच्या बुलेटवरच्या मुलीशी बोलणं झालं. मी विचारलं, “रोज चालवतेस?” ती म्हणाली, “नाही गं, दादाची आहे. आजच्यापुरती दिली.” मग यात्रा सुटली, तिने किक मारली आणि फेट्याचा शेमला उडवत ती पुढे गेली. तो फोटो माझ्याकडे आहे. चेहऱ्यावर इतका आनंद आहे की पाहणाऱ्यालाही तो लागतो. पण तिचं वाक्य आठवल्याशिवाय मला तो बघता येत नाही.

त्याच दिवशी एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावरून एका आजींनी मला हाक मारली होती. “अगं ए कॅमेरेवाली, वर ये. इथून छान दिसतंय.” लाकडी जिना चढून गेले. गॅलरीत आजी, सुना, नाती सगळ्या कठड्याला रेलून उभ्या होत्या. मला मध्ये जागा करून दिली, हातावर कडुनिंबाची चटणी ठेवली, मग श्रीखंडाची वाटी आली. त्या गॅलरीतून यात्रेचे फोटो चांगले आलेच, पण मी कॅमेरा फिरवून गॅलरीचाही फोटो घेतला. गिरगावातल्या चाळींची गॅलरी ही बाईला निमित्ताशिवाय उभं राहता येतं अशी शहरातली जुनी जागा. घराला लागून असूनही ती रस्त्यावर डोळा ठेवून असते. नव्या टॉवरमध्ये तिच्या जागी लोखंडी ग्रिल आणि बंद काच आलेली मी पाहते तेव्हा एका दृश्यापलीकडचं काहीतरी गेलं असं वाटतं.

जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास काळा घोडा कला महोत्सव. १९९९ साली सुरू झालेल्या या महोत्सवात नऊ दिवस रॅम्पार्ट रो माणसांनी भरून जातो. मोठमोठ्या कलाकृतींसमोर फोटोसाठी रांगा लागतात. मोठा कॅमेरा दिसला की लोक आपला मोबाइल पुढे करतात. “ताई, आमचा एक काढाल?” मी कधी नाही म्हणत नाही. चार मैत्रिणी एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून उभ्या राहतात, त्यांतली एक केस नीट करते, दुसरी म्हणते, “थांबा थांबा, परत एक.” हे फोटो माझ्याकडे राहत नाहीत, त्यांच्या मोबाइलमध्ये जातात. तरी त्या तेवढ्या वेळात बघितलेले चेहरे माझ्याजवळ राहतात.

अनंत चतुर्दशीच्या दिवशी मी परळच्या मावशीकडे मुक्काम करते. लालबागला श्रॉफ बिल्डिंगपाशी गणपती येतो तेव्हा वरून फुलांचा वर्षाव होतो. पाकळ्या हवेत थिजवायच्या तर शटर १/५०० पर्यंत न्यावं लागतं, गुलालाचा धूर दाखवायचा असेल तर उजेड मागून हवा. या गर्दीत कॅमेऱ्याचा आणखी एक उपयोग मुली एकमेकींना सांगतात. कॅमेरा छातीशी धरायचा आणि दोन्ही कोपरं बाहेर ठेवायची. एवढ्या भक्तीच्या गर्दीतही मुलीला आपलं अंग सांभाळावंच लागतं. आणि तरीही मी दरवर्षी जाते, कारण त्या रात्रीसारखी मुंबई दुसऱ्या कुठल्या रात्री नसते. विसर्जनासाठी रेल्वे रात्रभर जादा लोकल सोडते. पहाटे दोन वाजता फलाटावर आज्या बसलेल्या असतात, मांडीवर झोपलेली लेकरं असतात, पथकातल्या मुली कमरेचा ढोल उतरवून चहा पीत गप्पा मारत असतात. एरवी रात्री नऊला आईचा फोन येतो, “पोचलीस का गं खोलीवर?” त्या रात्री ती विचारते, “दर्शन झालं का नीट?”

सणाच्या दिवशी हे शहर बायकांना इतकं मोकळं होतं, हे मला वर्षभराच्या फोटोंमुळे दिसलं. पाडवा, मॅरेथॉन, विसर्जन, महोत्सव. त्या दिवशी बाई रस्त्याच्या मधोमध असते, रात्री असते, नाचते, ओरडते, दमून पायरीवर बसते. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा भराभर चालायला लागते. बुलेट दादाकडे परत जाते.

महोत्सवाला जिच्यावरून नाव पडलं ती काळ्या घोड्याची मूळ मूर्ती बघायची म्हणून मी राणीच्या बागेत गेले. सातव्या एडवर्डची ही अश्वारूढ मूर्ती १९६५ मध्ये चौकातून हलवली आणि पुढे ती भायखळ्याला, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाजूला आली. चौकात २०१७ साली स्वाराविना नवा घोडा उभा राहिला. मूर्तीचे फोटो काढून मी बागेत आत शिरले. १८६२ सालची ही बाग, झाडं इतकी जुनी की दुपारीही खाली गारवा असतो. एका वडाखाली तीन बायका बसल्या होत्या. चपला बाजूला काढलेल्या, डबा उघडलेला, एकीने तर पदर तोंडावर घेऊन चक्क आडवं होऊन डोळे मिटले होते. कॅमेरा वर न करता मी शेजारच्या बाकावर बसले. थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, “फोटोवाली का गं तू?” मग चपाती-भाजी पुढे आली. त्यांतल्या मोठ्या मावशी म्हणाल्या, “नातवाला पेंग्विन दाखवायला आणलंय.” नातू कुठे दिसेना. “तो वडलांबरोबर घरी गेला मघाशीच,” त्या म्हणाल्या. “आम्ही बसलोय जरा.”

त्यांचा नातू आणि माझा कॅमेरा यांचं काम एकच होतं, हे मला त्या बाकावर लख्ख कळलं. दोघींनाही या शहरात जरा बसायचं होतं, आणि बसण्यासाठी दोघींनी काहीतरी सोबत आणलं होतं. त्यांना मी फोटोबद्दल विचारलं. त्या हसून हो म्हणाल्या, पण झोपलेलीला उठवू नकोस म्हणाल्या. त्या फोटोत कुणी लेन्सकडे बघत नाही, मागे बागेतला रस्ता आहे आणि पुढे गवतावर सहा चपला.

त्यानंतर मी जुने फोटो पुन्हा उघडले. लॅपटॉपवर एक नवा फोल्डर केला आणि त्यात नुसत्या थांबलेल्या बायकांचे फोटो टाकत गेले. ते बहुतेक कडेला सापडले. टर्मिनसच्या फोटोच्या डाव्या कोपऱ्यात बॅग पायाशी ठेवून वर बघणारी. मॅरेथॉनमध्ये ताट हातात घेऊन. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर समुद्राकडे तोंड करून बसलेली, पाठमोरी. हे फोटो घेताना त्यांतल्या कित्येक जणी मला दिसल्याही नव्हत्या. कॅमेऱ्याने त्या माझ्यासाठी जपून ठेवल्या. आता मी मुद्दाम त्यांच्यासाठी जाते. आधी विचारते, नाही म्हणाल्या तर कॅमेरा खाली ठेवते आणि तिथेच थोडी थांबते. ससून डॉकवर एका कोळीण मावशींनी मला साफ सांगितलं, “फोटो काय काढतेस? म्हावरं घे.” तिथे फोटोला मनाईही असते. मी पाव किलो करंदी घेतली, परळच्या मावशीकडे नेली आणि पहाटेचा तो लिलाव डोळ्यांनीच पाहिला.

मरीन ड्राइव्हवर मी अलीकडे वारंवार जाते. तिथे बायका का थांबू शकतात याचा मी विचार करते. कठडा लांबच लांब आहे आणि बसायला पैसे पडत नाहीत. दिवे भरपूर आहेत. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला मोकळा रस्ता, त्यामुळे आडोसा नाही. भेळ, चहा, फुगे विकणारे उशिरापर्यंत असतात. मुख्य म्हणजे तिथे कुणीच काही करत नसतं, म्हणून काही न करणारी बाई वेगळी पडत नाही. समोरच्या आर्ट डेको इमारतींची रांग २०१८ पासून जागतिक वारसा आहे, फोटोला ती सुरेख मिळते. पण मला वाटतं, या जागेचा खरा वारसा हा कठडा आहे. असे कठडे परळला हवेत, कुर्ल्याला हवेत, आमच्या अंबाजोगाईच्या बसस्थानकाबाहेरही हवेत. दिवा, बाक, स्वच्छ स्वच्छतागृह आणि उशिरापर्यंत चालू असलेली एखादी चहाची टपरी, एवढं असलं की बाई थांबते. त्यासाठी सणाची वाट बघावी लागू नये.

पुढच्या वर्षी माझी धाकटी बहीण इथे शिकायला येणार आहे. ती आत्ताच फोनवर विचारते, “ताई, तुझा कॅमेरा मला देशील ना?” देईन. निळ्या आकाशात दगड कसा पकडायचा, धावणाऱ्या माणसामागे कॅमेरा कसा वळवायचा, गॅलरीतल्या आजींना कसं विचारायचं, हे सगळं तिला शिकवेन. माझी इच्छा एवढीच आहे की तिला तो फोटो काढण्यासाठी हवा असावा, उभं राहण्यासाठी नव्हे.